घाट बंद पडण्याआधी घोड्यांची सोय करा!

माथेरानकरांनो, अश्वपालक बंधूंनो, नगरपरिषद आणि तहसीलच्या अधिकाऱ्यांनो,

दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी मोटार जात नाही. पर्यटक आणि सामान वाहून नेणारा घोडा हाच गावाचा मोठा आधार. पण पाऊस आमची वाट कशी तोडतो, ते आम्ही पाहिलंय. 26 जुलै 2005च्या पावसात मिनी ट्रेनचा मार्ग उखडला, तो 2007मध्ये सुरू झाला. 2019मध्ये पुन्हा वाहून गेला, पूर्ववत व्हायला 2022 उजाडलं. उद्या दरडीने नेरळचा घाटरस्ताही बंद पडला, तर चंदी-चारा वर येणार कुठून?

सरकार म्हणतं, भरपाई आहे. केंद्राच्या 2022च्या निकषांत दगावलेल्या घोड्याला 32 हजार आणि तट्टाला 20 हजार रुपये आहेत. एवढ्यात घाटाला सरावलेलं जनावर परत उभं राहत नाही. आम्हाला मेल्यावरचा पंचनामा नको, जगवण्याची तयारी हवी!

आमच्या मागण्या :
1. आपत्ती आराखड्यात घोड्यांसाठी काय तरतूद आहे, ते चावडीवर लावा.
2. पावसाळ्याआधी गावातच चाऱ्याचा कोरडा साठा करा. एका घोड्याला दिवसाला 8 ते 10 किलो चारा आणि 25 ते 40 लिटर पाणी लागतं.
3. दरडीपासून दूर, पक्क्या छपराची जागा ठरवा. पशुवैद्यक आणि औषधं घाट बंद होण्याआधी वर पोहोचवा.

अश्वपालकांनो, आपणही हात बांधून बसायचं नाही. प्रत्येक घोड्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, कपाळावरचा टिळा आणि पायांचे पांढरे पट्टे स्पष्ट दिसू द्या. परवाना, लसीकरणाचा दाखला आणि फोटो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. धनुर्वाताची लस चुकवू नका. बुरशी धरलेला चारा टाकून द्या. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे सडका घास पोटशूळ होऊन जिवावर बेततो. आग लागली तर नायलॉनची मोरखी वितळून कातडीला चिकटते, म्हणून सुती वापरा. घोडा टेम्पोत चढायला आत्ताच शिकवा. वादळाचा इशारा आला की पत्र्याच्या तबेल्यात अगाडी-पिछाडी बांधून ठेवू नका.

या मागण्यांवर 31 मेपूर्वी लेखी उत्तर हवं. ग्रामस्थहो, सही करा आणि हे पत्रक शेजारच्या तबेल्यात पोहोचवा!

— घोड्यांवर पोट असलेले माथेरानकर