दाराखालची फट आणि गल्लीतला भोंगा

बारावीतली एक मुलगी परवा बोलता बोलता म्हणाली, "मी रात्री एकनंतरच अभ्यासाला बसते. त्याआधी घर गप्प होतच नाही." घर म्हणजे भिवंडीतली दहा बाय बाराची खोली. खाली रस्ता, समोर पॉवरलूम. अब्बू रात्रपाळी करून सकाळी झोपायला येतात, नेमके तेव्हाच शाळेच्या रिक्षांचे हॉर्न सुरू होतात. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, कुर्ला; अशी घरे आपल्यातल्या प्रत्येकाने पाहिली आहेत, आणि पुष्कळांचे बालपण त्यांतच गेले आहे. गोंगाटाची सवय होते असे आपण म्हणतो. कानाला होत असेलही, झोपेला होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते चांगल्या झोपेसाठी खोलीतला आवाज 30 डेसिबलच्या आत असावा.

मग करायचे काय? सुरुवात भिंतीपासून नको, फटीपासून करा. हवा जिथून येते तिथूनच आवाजही येतो. रात्री घरातला दिवा घालवा आणि बाहेरून कोणाला तरी दार-खिडकीच्या कडेने टॉर्च फिरवायला सांगा. उजेड जिथून आत येईल ती आवाजाची वाट. चौकटीला लावायची चिकट रबरी पट्टी आणि दाराच्या तळाला लावायची पट्टी कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. चौकट आणि भिंत यांच्यामधली भेग सिलिकॉनने भरता येते. खर्च थोडा आणि फरक त्याच रात्री कळतो. आवाज 10 डेसिबलने उतरला की कानाला तो साधारण निम्मा वाटतो.

त्यानंतर खिडकी. सरकत्या खिडकीत रुळासाठी मोकळी जागा सोडावीच लागते, त्यामुळे ती कधीच पुरती बंद होत नाही. दाबून बसणारी खिडकी त्यापेक्षा बरी. ऐपत असेल तर जुन्या खिडकीच्या आतून वीतभर अंतर सोडून दुसरी खिडकी बसवावी; मधली हवा आणि दुसरी काच मिळून पुष्कळ आवाज अडवतात. भाड्याच्या घरात हे जमत नाही. तिथे निदान पलंग आणि अभ्यासाची जागा रस्त्याकडच्या भिंतीपासून हलवावी आणि पुस्तकांचे भरलेले कपाट शेजाऱ्याच्या भिंतीला लावावे. आवाज अडवायला वजन लागते. म्हणूनच भिंतीवर अंड्यांचे ट्रे किंवा थर्माकोल चिकटवण्याच्या युक्तीचा काही उपयोग नाही. ट्रेने फार तर खोलीतला घुमारा कमी होईल, बाहेरचा भोंगा आत यायचा तो येतोच. आणि थर्माकोल आग पकडतो, हे वेगळे. स्वयंपाकाची खिडकी, गॅस गीझर असलेल्या न्हाणीघराची जाळी मात्र कधीही बंद करू नका. तिथली बंद हवा जीव घेऊ शकते.

पण हे सगळे केले तरी मे महिन्यात काय करणार? पत्र्याखालच्या खोलीत खिडकी लावून झोपता येत नाही. एसी असलेल्याला शांतता विकत घेता येते, बाकीच्यांनी उकाडा किंवा गोंगाट यांतले एक निवडायचे. लूमची धडधड तर हवेतून कमी आणि जमिनीतून जास्त येते. तिला रबरी पट्टी पुरत नाही, ती यंत्राच्या पायाशीच, मालकाच्या खर्चाने थांबवावी लागते. घरातली शांतता अर्धी घराबाहेरच ठरते ती अशी.

बाहेरचे नियम 2000 सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, तेवढाच अपवाद. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये कुर्ल्यातल्या प्रकरणात पुन्हा सांगितले, की लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. तक्रार करणाऱ्याचे नाव पोलिसांनी उघड करू नये, असेही बजावले. मोबाइलवरचे डेसिबल मोजणारे ॲप अंदाजच देते, पण वेळ आणि आकडा लिहून ठेवला तर तक्रारीला वजन येते.

यावर आपल्याकडे लगेच येणारे उत्तर ठाऊक आहे: भोंगे फक्त आमचेच दिसतात का? मिरवणुकीतला डीजे कोणी मोजतो का? तक्रार खोटी नाही. नियम एकाला लावायचा आणि दुसऱ्याला सोडायचा, हा अन्यायच आहे आणि तो जिथे होईल तिथे कागदावर मांडला पाहिजे. पण मग आपल्या निकाहच्या वरातीतला डीजे आपण कधी मोजला? रात्री बारापर्यंत चालणाऱ्या जलशाच्या चार कर्ण्यांबद्दल कमिटीला कोणी विचारले? त्या कर्ण्यांखाली झोपणारी आजारी दादीअम्मा आपलीच असते. आपला आवाज आणि त्यांचा आवाज असा फरक तिच्या कानाला करता येत नाही.

मुंबईत काही मशिदींनी अजान मोबाइल ॲपवरून घराघरांत पोहोचवायला सुरुवात केली आहे. सहरीचे काय? ही काही वर्षे रमजान आणि बोर्डाच्या परीक्षा एकाच सुमारास येत आहेत. पहाटे चारला तासभर चालणारी घोषणा नियमात बसत नाही, आणि प्रत्येक उशीखाली अलार्म असताना तिची गरजही उरलेली नाही. हे सांगायला पोलीस कशाला हवेत? मोहल्ल्यातल्या चार-सहा तरुणांनी कमिटीच्या सदरसाहेबांना अदबीने भेटावे, सोबत बारावीची दोन मुले न्यावीत. तेवढ्याच अदबीने लूमच्या मालकालाही भेटावे. आणि इशानंतर रिकामा पडणारा मदरशाचा वरचा हॉल परीक्षेपुरता अभ्यासाला उघडून मिळेल का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.