तुळशीत भांग आणि बाजारभाव

बँकॉकहून येणारे विमान बंगळुरूच्या केंपेगौडा विमानतळावर उतरले, की सीमाशुल्क खात्याची माणसे अलीकडे जरा जास्तच बारकाईने बॅगा पाहतात. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत तेथे आणि मुंबईच्या विमानतळावर एकाच तऱ्हेची प्रकरणे वारंवार उघडकीस आली. खाऊच्या पुड्यांत किंवा बॅगेच्या चोरकप्प्यात, हवा काढून घट्ट बंद केलेल्या पिशव्या. आणि त्यांत 'हायड्रोपोनिक' गांजा, म्हणजे मातीशिवाय, बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात आणि खतपाण्यावर वाढवलेला. नेहमीच्या गांजापेक्षा त्याची नशा कितीतरी तीव्र असते.

आता गांजा काही आपल्याला नवा नाही. आंध्र आणि ओडिशाच्या सीमेवरील डोंगरांत तो इतका पिकतो, की २०२२ च्या फेब्रुवारीत आंध्र पोलिसांनी अनकापल्लीजवळ सुमारे २ लाख किलो गांजा एकाच वेळी जाळला. तोच माल दक्षिणेतल्या शहरांत उतरतो, बंगळुरूतही. मग घरचे एवढे असताना बँकॉकहून विमानाने आणायचे कारण काय?

कारण कायद्यात आहे, आणि तेही आपल्या नव्हे, थायलंडच्या. ९ जून २०२२ रोजी त्या देशाने गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. पाठोपाठ नीट नियमावली मात्र आली नाही. बँकॉकच्या गल्लीबोळांतून हजारो दुकाने उघडली. शेतकऱ्याला नवे नगदी पीक मिळणार म्हणून गाजावाजा झाला होता. पण दोन-तीन हंगामांतच माल इतका झाला की भाव कोसळले. त्यातच अमेरिकेतून चोरून आलेला माल बाजारात शिरला, आणि कर्ज काढून खोल्या, दिवे बसवलेले छोटे उत्पादक रडकुंडीला आले. अखेर जून २०२५ मध्ये सरकारने पुन्हा वैद्याच्या चिठ्ठीची अट घातली.

तेथे पडून राहिलेल्या मालाला इकडे मात्र सोन्याचे मोल आहे. मुंबई विमानतळावरच्या अनेक प्रकरणांत अधिकाऱ्यांनी या गांजाची किंमत किलोला सुमारे १ कोटी रुपये धरली. सरकारी अंदाज थोडा फुगवलेला मानला तरी फरक डोळे पांढरे करणारा आहे. एका गावात उघडपणे विकली जाणारी वस्तू दुसऱ्या गावात नेणे गुन्हा असेल, तर तिच्या किमतीत मुख्यतः जोखमीचाच भाव असतो. ती जोखीम उचलणारा कोण, हे पाहिले म्हणजे या धंद्याची खरी जात कळते.

पण त्याआधी जरा दूर जाऊ, कारण 'कायदेशीर केले की भाव पडतो आणि चोरबाजार संपतो' हे वाक्य हल्ली सुशिक्षित घरांतही चहाबरोबर ऐकू येते. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी गांजाची विक्री खुली केली. तेथील सरकारी सांख्यिकी खात्याने २०१९ च्या मध्यास भाव तपासले, तेव्हा परवान्याच्या दुकानात एक ग्रॅम सरासरी १०.६५ डॉलरला, तर चोरून घेतलेला ५.९३ डॉलरला पडत होता. दुकानाचे भाडे, तपासणी, बांधणी, कर या सगळ्यांचा बोजा एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला चोर, ज्याला यांतले काहीच नाही! पुढे कायदेशीर माल स्वस्त झाला आणि गिऱ्हाईक हळूहळू दुकानाकडे वळले. पण तोवर कंपन्यांनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त हरितगृहे उभारली होती. २०२० साली कॅनोपी ग्रोथ या बड्या कंपनीने ब्रिटिश कोलंबियातील दोन हरितगृहे बंद केली आणि सुमारे ५०० माणसांची नोकरी गेली. उरुग्वेने वेगळी वाट धरली. तेथे २०१७ पासून औषधाच्या दुकानांत नोंदणी केलेल्या माणसालाच गांजा मिळू लागला, आणि भाव सरकारनेच ठरवला, सुरुवातीला ग्रॅमला सुमारे १.३० डॉलर.

गंमत अशी, की हा भावाचा तिढा इंग्रजांनी आपल्याच देशात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तपासला होता. १८९३-९४ साली नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने देशभरातील हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. सरसकट बंदी नको, परवाना आणि कर हवा, असे त्याचे मत पडले. कर चढवावा, पण इतका नव्हे की माणूस चोरट्या मालाकडे किंवा त्याहून वाईट व्यसनाकडे वळेल. इंग्रज सरकारचा डोळा महसुलावर होता हे उघड आहे. तरी कॅनडाला २०१९ मध्ये जे कळले ते त्या अहवालात होते.

आपल्याकडे १४ नोव्हेंबर १९८५ पासून नवा कायदा लागू झाला. त्यात एक बारीक रेघ आहे. झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, दोन्ही गुन्हा. नुसती पाने आणि बिया मात्र त्या व्याख्येबाहेर. म्हणून भांग राज्यांच्या अखत्यारीत राहिली. बंगळुरूत पोलिसांनी एका माणसाकडून २९ किलो भांग पकडली, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने जामीन देताना हेच सांगितले, की भांग म्हणजे गांजा नव्हे, उत्तरेत ती लस्सीच्या दुकानांतून उघड विकली जाते.

याच रेघेच्या आधाराने बंगळुरूत एक साजूक बाजारही उभा राहिला आहे. २०२० च्या सुरुवातीला कोरमंगल भागात भांगेपासून केलेल्या आयुर्वेदिक औषधांचे एक चिकित्सालय निघाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेच्या बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. या बियांनी नशा येत नाही. कुमाऊंच्या स्वयंपाकघरात त्यांची चटणी पिढ्यान्पिढ्या वाटली जाते. आता त्याच बिया 'हेम्प' या इंग्रजी नावाने, देखण्या बाटलीत, व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांसाठी विकल्या जातात. कुमाऊंच्या आजीबाईंनी बाटलीवरची किंमत वाचली तर पाटा-वरवंटा खाली ठेवतील! उत्तराखंडने २०१८ पासून परवान्याने औद्योगिक लागवड सुरू केली. हिमाचलच्या विधानसभेनेही २०२४ मध्ये तसा ठराव केला. शेतकऱ्याच्या हाती काय पडेल ते खरेदीदार किती आहेत यावर ठरेल. एक-दोनच कंपन्या घेणार असतील, तर पिकाचे नाव बदलून ऊसवाल्याचे दुःख तेच.

आता त्या बॅगेकडे वळू. ती बऱ्याचदा एखाद्या विद्यार्थ्याच्या किंवा नोकरी शोधणाऱ्या तरुणाच्या हातात असते. तिकीट फुकट, चार दिवस बँकॉक, वर थोडे पैसे. येताना फक्त एक बॅग आणायची. कोटीच्या मालात त्याचा वाटा सर्वांत लहान. ज्याने पाठवले तो आणि ज्याच्याकडे जायचे तो, दोघे विमानतळापासून दूर असतात. आपली कितीतरी मुले पुण्या-कोल्हापुराहून बंगळुरूला शिकायला, नोकरीला जातात, म्हणून हे लिहिणे भाग आहे. सुखवस्तू घरातले असे प्रकरण बाहेर आले, की लोक 'तुळशीत भांग उगवली' म्हणून मोकळे होतात, आणि ते घर वकील शोधत फिरते.

कायद्याला परदेशी गांजा आणि देशी गांजा यांत भेद नाही. १ किलोपर्यंत अल्प प्रमाण, २० किलो हे व्यापारी प्रमाण. त्या मधल्या वजनाला १० वर्षांपर्यंत, आणि व्यापारी प्रमाणाला किमान १० ते कमाल २० वर्षे सक्तमजुरी. व्यापारी प्रमाण असेल तर जामीनही फार कठीण. सगळ्यांत कठोर कलम ३५ वे आहे. 'बॅगेत काय होते मला ठाऊक नव्हते' हे येथे आरोपीलाच निःसंशय सिद्ध करावे लागते. न्यायालय तो जाणतच होता असे धरून चालते.

त्याच कायद्यात एक दार उघडे ठेवले आहे, त्याची माहिती मात्र फार थोड्यांना असते. कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतः होऊन सरकारमान्य केंद्रात उपचार घेऊ लागला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सवलत जाऊ शकते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, भांग-गांजाच्या व्यसनापायी मदतीची गरज असलेली माणसे देशात सुमारे ७२ लाख आढळली. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत व्यसनमुक्तीचा स्वतंत्र विभाग आहे, आणि केंद्र सरकारचा १४४४६ हा मोफत दूरध्वनी देशात कोठूनही लागतो.