न्यायाचे शिक्षण केवळ वकिलांसाठीच?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याने पदवीसाठी दोन मुख्य विषय घेण्याची वाट मोकळी केली. ‘कायदा आणि न्याय’ हा त्यांपैकी दुसरा विषय असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. महाराष्ट्राला अशी सांगड अपरिचितही नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी न्यायदानाचे काम सांभाळून भारतीय अर्थकारणाची मीमांसा केली, डॉ. आंबेडकर अर्थशास्त्रज्ञ होते आणि बॅरिस्टरही.

किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. तरी ठरलेले वेतन असंख्य मजुरांच्या हाती पडलेच नाही. याचे कारण कलमे पाठ करून उमगत नाही. त्यासाठी मजुराची सौदाशक्ती, गावातील जातीची उतरंड आणि तपासयंत्रणेचे बळ यांचा एकत्र विचार करावा लागतो.

या पदवीने वकिलीची सनद मिळणार नाही, हे खरे. परंतु शिक्षक, कारकून, ग्रामसेवक यांचा कायद्याशी रोजच संबंध येतो. खरा धोका निराळाच आहे. अर्थशास्त्र, समाजशास्त्र व राज्यशास्त्र या विभागांनी अंग काढून घेतले आणि तासिका तत्त्वावरील एखाद्या वकिलाने टिपणे उतरवून दिली, तर वेळापत्रकात एका विषयाची भर पडेल; न्यायबुद्धीत मात्र पडणार नाही.