लोकप्रियतेची यादी आणि देवाचे स्तवन

अमुक भक्तिगीत इतक्या लाख श्रोत्यांनी ऐकले, म्हणून ते आपल्या ख्रिस्तयागातही असावे, असा युक्तिवाद जळगाव-धुळ्याकडील धर्मग्रामांत अलीकडे वारंवार कानी येतो. गायकवृंदातील तरुण तो उत्साहाने मांडतात आणि पालक कौतुकाने मान डोलावतात. या युक्तिवादास माझा स्पष्ट विरोध आहे.

लोकप्रियता हा दोष नव्हे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी १९६१ साली ‘मानिनी’ चित्रपटातून घरोघरी पोहोचली, यात खानदेशाने आनंदच मानला. परंतु ती गाणी जन्मली जात्यावर आणि शेतात, काम करणाऱ्या हातांबरोबर. श्रोता नंतर आला. आपल्याकडे मात्र आता श्रोता आधी आणि भक्त मागाहून, असा उलटा क्रम लागू पाहत आहे.

डिसेंबर १९६३ चा पहिला आठवडा पाहा. ४ तारखेस दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचे उपासनाविषयक संविधान घोषित झाले. भाविकांनी उपासनेत सक्रिय सहभाग घ्यावा, लोकांच्या धार्मिक गायनास उत्तेजन मिळावे, निरनिराळ्या देशांच्या संगीतपरंपरांचा मान राखावा, असे त्यात सांगितले. ७ तारखेच्या अमेरिकन यादीत बेल्जियमच्या धर्मभगिनी जनीन डेकर्स यांचे संत डॉमिनिकवरील फ्रेंच गीत पहिल्या क्रमांकावर आले. जगाने ते ऐकले, गुणगुणले आणि पुढच्या गीताकडे वळले. उत्पन्न मठाकडे व ध्वनिमुद्रिका कंपनीकडे गेले. मठ सोडल्यावर कराची मागणी मात्र त्यांच्याकडे आली. १९८५ मध्ये त्यांचा झालेला करुण अंत वाचून मन विषण्ण होते.

१९९४ साली स्पेनमधील सिलोस मठाच्या बेनेडिक्टाइन संन्याशांचे ग्रेगोरियन गायन अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. ताणावरील उतारा म्हणून ते विकले गेले! ध्वनिमुद्रणे कितीतरी वर्षे आधीची होती. संन्यासी यादीपूर्वीही दररोज गात होते आणि यादीनंतरही गात राहिले. फरक पडला तो दुकानदारांना.

आता आपल्या वेदीसमोर या. मोबाईलवरून वाद्यमेळाची ध्वनिफीत सुरू होते. (‘ध्वनिफीत’ हा शब्द ऐकून तरुण हसतात, हसोत.) तिचा स्वर एखाद्या कसलेल्या गायकाच्या गळ्याला बेतलेला. रावेर-यावलच्या केळीबागांत आठवडाभर राबलेली माउली तो स्वर कोठून गाठणार? पेटीवाला सभेचा आवाज ऐकून दोन पट्ट्या खाली उतरतो, म्हाताऱ्यांचा श्वास संपला की क्षणभर थांबतो. यंत्र थांबत नाही. दुसऱ्या कडव्यापर्यंत मागच्या बाकांवर शांतता पसरते, आणि तिलाच आपण भक्तिमय वातावरण म्हणतो! सातपुड्यातून आलेले पावरा व भिल्ल बांधव, जे आपल्या पाड्यावर रात्र-रात्र गातात, ते येथे मुके होऊन बसतात.

उपासनाविधीत ध्वनिमुद्रित संगीताचा वापर रोमने ३ सप्टेंबर १९५८ च्या सूचनापत्रातच निषिद्ध ठरविला होता. त्या वेळी तबकड्या होत्या, आज मोबाईल आहे, प्रश्न तोच.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये निवर्तले. प्रॉटेस्टंट असूनही त्यांची पदे आपल्या मंदिरांत गायली जातात. ती कोणत्याही यादीत चढली नाहीत. आजीने नातवाला शिकविली, म्हणून राहिली.

जुनी पदे लावली तर तरुण येणार नाहीत, असा आक्षेप येईल. पण तरुणाला आपण वाद्य शिकविलेच कधी? वाजविणारा नाही म्हणून यंत्र आणले असे सांगणाऱ्या समित्यांनी ध्वनिवर्धकांवर जेवढा पैसा खर्चिला, त्यातून एक पेटी, एक तबल्याची जोडी आणि वर्षभराचा शिक्षक सहज झाला असता. पुढल्या नाताळाच्या अंदाजपत्रकात प्रथम हा खर्च मांडावा, आणि मग ध्वनिवर्धकाविषयी बोलावे.