काढलेला ब्रेक

पाच-सात हजारांची चेनसॉ घेणारा शेतकरी येडा, असं शहरातली शहाणी माणसं म्हणतात. "स्वस्तातली आहे, फेका, चांगल्या कंपनीची घ्या." चांगल्या कंपनीची मशीन पंचवीस-तीस हजारांच्या पुढे जाते. धुऱ्यावरच्या दोन बाभळी आणि वादळानं पाडलेलं एखादं झाड कापायला एवढे पैसे कोण घालते जी? स्वस्त मशीन घ्यावी, उघडून समजून घ्यावी आणि घरीच नीट करावी, या मताचा मी आहे. मी दहावीपर्यंत शिकलो, पण कारबोरेटर उघडायला दहावीही लागत नाही. चांगला उजेड लागतो, स्वच्छ फडकं लागते आणि सुटलेले स्क्रू ठेवायला एक ताटली.

पण आता भांडण आमच्याच पोट्ट्यांशी आहे. मशीन 'मॉडिफाय' केली म्हणून गावोगाव जे चाललं आहे, त्याला मी दुरुस्ती म्हणत नाही. पुढचा ब्रेक काढून टाकायचा, सायलेन्सरला भोकं पाडायची, दात्यांमधली उंची घासून सपाट करायची आणि त्याचा व्हिडिओ काढायचा. तो पाहून शहरातले लोक "काय जुगाड आहे!" म्हणून खूश. त्यांचा पाय त्या मशीनखाली नसतो.

आमच्या बापाच्या पिढीत आरा चालवायला दोघं लागत, एक ओंडक्यावर, एक खाली. दाते ते स्वतः कानशीनं घासत. ओल्या लाकडाला दाते किती फाकवायचे, वाळल्याला किती, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. आज जगभर चालते ती चेनही अशाच एका लाकूडतोड्यानं काढली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातला जोसेफ कॉक्स. 1946 साली त्यानं लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती डावीकडे-उजवीकडे खात पुढे सरकत होती. तसेच डावे-उजवे दाते त्यानं चेनला बसवले आणि 1947 पासून ती चेन विकायला लागला. सौंदडच्या पोट्ट्याची मशीनही त्याच तऱ्हेच्या दात्यांवर कापते. म्हणजे मशीनमध्ये बदल करूच नये, असं माझं म्हणणं नाही. बदल कशासाठी, ते आधी सांगा.

या मशीनी बिघडतात कशानं? दहातल्या सात वेळा पेट्रोलनं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळते. (सरकारी गोदामातला तांदूळही इथेनॉलला जातो. धान आम्हीच पिकवायचं आणि मशीनही आमचीच बंद पडायची!) इथेनॉल हवेतलं पाणी ओढते. उन्हाळ्यात फांद्या छाटून मशीन तशीच भरलेली ठेवली, की दिवाळीपर्यंत टाकीत पाणी वेगळं होऊन खाली बसते, रबरी नळी फुगते आणि कारबोरेटरमधला पातळ पडदा कडक होतो. मग दोरी ओढून खांदा दुखतो, मशीन काही उठत नाही. तालुक्यातला एक दुकानदार मला म्हणाला, "पूर्ण कारबोरेटर बदला." मी नुसता पडदा मागितला, तर तो हसला. शेवटी पडदा बाहेरून मागवला आणि घरी बसवला. कारबोरेटरच्या किमतीत असे चार पडदे आले असते. आता काम झालं की टाकी रिकामी करतो आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो. ऑइलचंही तसंच. स्वस्त मशीनला लिटरमागे 40 मिली टू-स्ट्रोक ऑइल घालावं. मोटारसायकलचं इंजिन ऑइल घालणारे पिस्टन चिकटला की कंपनीला शिव्या देतात.

आता ब्रेक. पुढच्या मुठीसमोर जो पंजासारखा दांडा असतो, तो नुसती हात झाकायची पाटी नव्हे. बारच्या टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला टेकला की मशीन उसळून तोंडाकडे येते. चेन तेव्हा सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावत असते. माणूस डोळा मिटेपर्यंत सारं होऊन जाते. त्या उसळीत मनगट दांड्यावर आदळते, आत लोखंडी पट्टा क्लचच्या डब्याला आवळतो आणि चेन थांबते. 1970 च्या दशकात हा ब्रेक मशीनवर आला, तो लाकूडतोड्यांची तोंडं फाटत होती म्हणून.

पोट्टे म्हणतात, "काकाजी, ब्रेक मधीच धरते, धूर निघते, काम होत नाही." धरते, कारण पट्ट्यात भुसा आणि तेलाचा चिखल बसलेला असतो. बाजूचं झाकण काढा, जुन्या दातांच्या ब्रशनं पट्टा झाडा, स्प्रिंग पाहा. दहा मिनिटांचं काम. दुसरी गोष्ट तर हसावं की रडावं अशी. झाकण बाहेर असताना दांडा पुढे ढकलला गेला, तर पट्टा आवळलेलाच राहतो आणि झाकण डब्यावर बसतच नाही. पोट्ट्याला वाटते, मशीन खराब झाली. तो ब्रेक उपसून फेकतो आणि व्हिडिओत सांगतो, "याची गरजच नाही." अरे, दांडा जोर लावून मागे ओढ, पट्टा सैल होते, झाकण बसते! माझ्या ओळखीतल्या एकाच्या गालावर कानापर्यंत शिवण आहे. नशीब, डोळा वाचला. आमच्याकडे मोठं ऑपरेशन म्हटलं की गोंदिया, नाहीतर नागपूर. चिरलेल्या माणसाला घेऊन हायवेवरून तेवढं अंतर जाऊन पाहा, मग जुगाडाचं कौतुक करा.

दात्यांपुढचा बुटका उंचवटाही असाच. तो दाता किती खोल जाईल हे ठरवते. तो जास्त घासला की चेन लाकूड कापत नाही, ओढते, आणि उसळी वाढते. कापणाऱ्या दात्याला मात्र गोल कानस मारत राहा. बोथट दात्यावर जोर देणारा माणूसच आधी घसरतो. सायलेन्सरला भोकं पाडली, जाळी काढली, तर ठिणग्या थेट बाहेर पडतात. चैत्र-वैशाखात नवेगाव-नागझिऱ्याच्या बाजूला पानगळीचा थर कसा पडलेला असतो, ते मी झाडीपट्टीतल्या माणसाला सांगावं काय? आणि वनगुन्ह्यात मशीनही जप्त होते, ते वेगळंच.

दुकानदारांनाही सोडत नाही. केंद्र सरकारनं 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारंही घेतली होती. ते दिल्लीत. इथे दुकानात जाऊन मी चेन मागितली, मिळाली. बार मागितला, मिळाला. भोकं पाडलेला 'रेसिंग' सायलेन्सरही काचेत टांगलेला होता. ब्रेकचा पट्टा मागितला, तर म्हणाला, "तो कोणी घेतच नाही, काका." पोट्टे ब्रेक फेकतात म्हणून हा पट्टा ठेवत नाही, आणि पट्टा मिळत नाही म्हणून पुढचा पोट्टा ब्रेक फेकतो. मी दोन पट्ट्यांचे पैसे आगाऊ देऊन आलो. एक माझ्यासाठी, एक त्याच्या काचेत टांगायला.