पहिला नंबर कुणाला?

बारावीचा निकाल लागला की माझ्या फोनला एकदम भाव येतो. एरवी वर्षभर 'ही पोरगी नक्की नोकरी काय करते?' असा प्रश्न पडलेले धाराशिव, कळंब, उमरग्याचे समस्त काका-मावश्या लाइन लावून फोन करतात. कारण सिंपल. मी पुण्यात राहते, म्हणजे मला पुण्यातली सगळी कॉलेजं माहीत असणार! (मासकॉम केलंय हो मी. इंजिनिअरिंग कॉलेजांची मला फक्त कँटीन्स माहीत आहेत.) प्रश्नही सगळ्यांचा एकच. कॅपच्या ऑप्शन फॉर्मवर पहिला नंबर कुणाला द्यायचा?

प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. एमएचटी-सीईटीनंतरच्या या फॉर्मवर शे-दोनशे कॉलेज कोड भरता येतात, पण त्यात पहिल्या नंबरचा रुबाब वेगळा. पहिल्या राउंडमध्ये पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर सीट आपोआप फ्रीज. घ्यायची तर हीच, नाहीतर पुढच्या राउंडमधून आउट. २०२५ मध्ये इंजिनिअरिंगचे चार राउंड झाले आणि नियम आणखी कडक झाला. दुसऱ्या राउंडला पहिल्या तीन पसंत्या आणि तिसऱ्याला पहिल्या सहा बंधनकारक. म्हणजे 'वर टाकून बघू, नको वाटलं तर सोडू' हा फंडा आता चालत नाही. (नियम दर वर्षी बदलतात, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचाच. आळशी लोकहो, पीडीएफ फुकट असते.)

अमेरिकेत याचाच एक चकाचक अवतार आहे, 'अर्ली डिसिजन'. साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकाच युनिव्हर्सिटीकडे अर्ज करायचा आणि 'घेतलंत तर येईनच' अशी कबुली द्यायची. त्यावर मुलगा, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या. डिसेंबरच्या मध्यावर निकाल, आणि हो आलं की बाकीचे अर्ज मागे. ऐकायला रोमँटिक, पण यात मेख पैशाची. ज्याला चार ठिकाणच्या स्कॉलरशिपा समोर ठेवून तुलना करायची आहे, तो आधीच शब्द कसा देणार? शब्द देणं परवडतं ते बापाच्या चेकबुकाला. हार्वर्डची पद्धत बंधनकारक नव्हती, तरी लवकर अर्ज करण्याचा फायदा खात्यापित्या घरच्या मुलांनाच होतो म्हणून हार्वर्ड आणि प्रिन्स्टन दोघांनीही २००६ मध्ये अर्ली अॅडमिशन बंद केली. २०११ मध्ये दोघंही गुपचूप परत आली. स्पर्धा, बॉस!

एक फरक मात्र लक्षात घ्या. तिकडे लवकर शब्द दिला की चान्स वाढतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. आपल्याकडे तसं काहीही नाही. कॅपमध्ये सीट मेरिटवर मिळते, तुम्ही ते कॉलेज कितव्या नंबरवर लिहिलं त्यावर नाही. गल्लोगल्लीचे 'काउन्सेलर' सांगतात की पहिल्या नंबरावर सीओईपी टाकून नंबर वाया घालवू नका. साफ चूक. नाही लागलं तर कॉम्प्युटर निमूट दुसऱ्या नंबरावर जातो, दंड काही नाही. दंड आहे तो उलट केलं तर. मनात नसलेलं कॉलेज 'सेफ' म्हणून वर टाकलंत आणि ते लागलं, की अडकलात. गेल आणि शेप्ली या दोन गणितींनी कॉलेज प्रवेशांवरचा आपला प्रसिद्ध पेपर १९६२ मध्ये लिहिला, आणि २०१२ मध्ये शेप्लींना नोबेलही मिळालं. अर्ज करणाऱ्याने आवडीचा खरा क्रम लिहावा, त्यातच त्याचं भलं, अशी वाटपाची पद्धत बसवता येते, हे त्या कामातून पुढे आलं. आमच्या काकांना नोबेलपेक्षा शेजारच्या मास्तरांवर जास्त भरवसा आहे, तो भाग वेगळा.

आता धाराशिवची खास गंमत. कट-ऑफच्या यादीत जीओपनएच, जीओपनओ, जीओपनएस अशी अगम्य नावं असतात. शेवटचं अक्षर बघा. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. सीओईपीसारख्या ठिकाणी एस, तिथे सगळे एकाच रांगेत. पण बहुतेक खासगी कॉलेजांत सत्तर टक्के जागा होमवाल्यांना आणि तीस टक्के बाहेरच्यांना. धाराशिवची होम युनिव्हर्सिटी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगर. सोलापूर एसटीने दीड-दोन तासांवर, पण २००४ पासून त्याचं विद्यापीठ वेगळं, म्हणून 'बाहेरचं'. लातूर तसंच शेजारी, पण १९९४ पासून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात, म्हणून तेही 'बाहेरचं'. आणि जिथे पोचायला अख्खा दिवस मोडतो ते संभाजीनगर 'घरचं'! नकाशा बघून कॉलेज निवडणाऱ्यांनी आधी हा दुसरा नकाशा बघावा.

आणखी एक ट्विस्ट. होम युनिव्हर्सिटी ठरते ती सहसा बारावी कुठून झाली त्यावर. दहावीनंतर जी पोरं 'लातूर पॅटर्न'साठी लातूरला जातात, त्यांचं होम बदलतं. कुणी त्यांना हे सांगितलेलं नसतं. म्हणजे इंजिनिअरिंगचा निर्णय सतराव्या-अठराव्या वर्षी घेतला असं आपल्याला वाटतं, पण त्याचा अर्धा भाग पंधराव्या-सोळाव्या वर्षीच उरकलेला असतो. खरं अर्ली डिसिजन हे! त्यात २०२५ पासून अकरावीचे ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर लागू झाले. दहा पसंत्या भरायच्या, आणि पहिली लागली की तीच घ्यायची. आधी हे टेन्शन पुण्या-मुंबईच्या पोरांना होतं, आता भूम-परंड्यातल्या पोरांनाही आहे.

माझ्या एका मावसबहिणीच्या घरी यंदा यावरून आठवडाभर जेवणं गार झाली. तिला पहिल्या नंबरावर पुणं हवं होतं आणि अण्णांना संभाजीनगर. फीचा प्रश्न बराचसा मिटलाय. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची कॅपमधून मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशाची ट्यूशन आणि परीक्षा फी सरकार भरतं. पण रूमभाडं आणि मेस फीमध्ये नसतात ना! होस्टेलची यादी लागते अॅडमिशन पक्की झाल्यावर, आणि सीट फ्रीज होते त्याच्या आधी. ''होस्टेल नाही लागलं तर पुण्यात कुणाच्या भरवशावर ठेवायचं लेकराला?'' अण्णांचा सवाल. त्यात पोरीच्या जातीची काळजी होतीच (असं ते मान्य करणार नाहीत), पण हिशेबही खरा होता. मी तिला एवढंच म्हटलं, वाद अण्णांशी घालू नकोस, आकड्यांशी घाल. तिने त्या कॉलेजात शिकणाऱ्या दोन सीनियर मुलींना गाठलं आणि बाहेरच्या रूमचं भाडं, मेस, एसटी असं सगळं एका कागदावर मांडलं. मग पुणं पहिलं राहिलं, संभाजीनगर दुसरं. आणि तिसऱ्या नंबरावर अण्णांनी सुचवलेलं 'सेफ' कॉलेज होतं, ते तिने खाली ढकललं. दुसऱ्या राउंडला तेही गळ्यात पडलं असतं.

गंमत म्हणजे आपण बाहेर पळत असताना बाहेरची पोरं आपल्याकडे येतात. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा कॅम्पस तुळजापुरात १९८६ पासून आहे आणि बीए २०१२ मध्ये सुरू झालं. केरळची, ईशान्येची मुलं नकाशात तुळजापूर शोधत येतात, आणि आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना तिथे काय शिकवतात हे माहीत नसतं. इंजिनिअरिंग-मेडिकलच्या पलीकडे बघायची तयारी असेल, तर फॉर्म भरण्याआधी एकदा देवीच्या दर्शनाला जाता जाता तिकडेही डोकावून या.

जाता जाता एक अगदी छोटी सूचना. तालुक्याच्या गावी फॉर्म बहुतेक मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानातच भरले जातात. भरा, हरकत नाही. पण मोबाइल नंबर स्वतःचा द्या, पासवर्ड स्वतः टाका आणि ऑप्शन लॉक करण्याआधी यादी प्रिंट काढून घरी आणा. रात्री जेवणं झाल्यावर वाचा. सकाळी परत वाचा. मग लॉक करा.