पाहुणी पगडी

उसनं नेलेलं परत करणं ही आमच्या वऱ्हाडात एक स्वतंत्र विद्या आहे. वाटीभर साखर नेली तर वाटी शिगोशीग भरून परत येते. शिडी नेली तर मात्र ती नेणाऱ्याच्या घरची होते, आणि दिवाळीत आपल्याच भिंतींना रंग द्यायला ती त्याच्याकडून मागून आणावी लागते. तीही "सांभाळून न्या बरं, आमी उसनवार देत नाही कोणाले" हे ऐकून घेऊन. माझा असा दाट संशय आहे की कस्टमचा कायदा ज्यांनी लिहिला त्यांची शिडी लहानपणी कोणीतरी नेलेली असावी. कारण "ही वस्तू मी चार दिवसांसाठी आणली आहे, काम झालं की परत नेतो" या साध्या वाक्यावर जगात सगळ्यात कमी विश्वास कोणाचा असेल, तर तो कस्टमवाल्यांचा.

मी बी. कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. म्हणजे अविश्वास हा माझाही धंदाच आहे. वीस वर्षं मी लोकांच्या सह्या नमुन्याशी ताडून पाहतो आहे. सही जुळली नाही म्हणून सख्ख्या सासऱ्यांचा चेक मी परत केलेला आहे, आणि त्याचं व्याज अजून घरी फेडतो आहे. तेव्हा माझी तक्रार अविश्वासाविरुद्ध नाही, बिनहिशोबी अविश्वासाविरुद्ध आहे. संशय घ्यायचा तर तो कशाचा, किती रुपयांचा आणि किती दिवसांचा, हे कागदावर मांडता आलं पाहिजे. नाहीतर मग कस्टममध्ये आणि आमच्या शेजारच्या मावशींमध्ये फरक तो काय राहिला?

आता रिद्धपुरात बसून कस्टमची चिंता करणं म्हणजे मोर्शीत बसून भरतीची चिंता करण्यासारखं आहे, असं तुम्ही म्हणाल. समुद्र इथून शेकडो मैल. पण आमचं गाव साधं नाही, बरं का. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं ते इथे. मराठी भाषेचं विद्यापीठही सरकारनं इथेच काढलं. त्यामुळे मराठी गद्य कुठल्या मातीतून उगवलं ते पाहायला लोक येतात, आणि हल्ली येताना कॅमेरा घेऊन येतात.

माझ्या बहिणीचा मुलगा असाच आला. तो कॅनडात सिनेमाचं शिक्षण घेतो. पोथ्या उतरवून काढणाऱ्या एका जुन्या लेखकूवर त्याला वीस मिनिटांचा सिनेमा करायचा होता. आधी विमानानं माल पाठवला: भाड्याचा एक कॅमेरा, दोन भिंगं, आवाज टिपायचं एक यंत्र आणि एक ट्रंक. ट्रंकेत सहा पगड्या, चार अंगरखे आणि काही उपरणी. सगळे कपडे तिकडच्या मराठी मंडळातल्या बायकांनी शिवलेले.

शेजारचे काकाजी म्हणाले, "काहून बाप्पा, अमरावतीत काय कपडे भेटत नाही?"

भाचा म्हणाला, "काकाजी, घरातले प्रसंग तिकडे आधीच चित्रित झालेत. आता हाच माणूस दारातून बाहेर पडणार रिद्धपुरात. आत एक पगडी आणि बाहेर दुसरी, हे कसं चालेल?"

काकाजींना हे ताबडतोब पटलं. ते म्हणाले, "बराबर हाय. पगडी बदलली का मानूस बदलला."

जी गोष्ट काकाजींना अर्ध्या मिनिटात कळली, ती विमानतळावर कळायला अकरा दिवस लागले. विमानतळ कुठला ते सांगत नाही, कारण मला अजून प्रवास करायचा आहे. साहेब सभ्य होते. त्यांनी एवढंच विचारलं, "विकायला आणल्या?" भाचा म्हणाला, "नाही." साहेब म्हणाले, "मग सहा कशाला?" शेवटी, शुल्क भरा, माल न्या आणि परत जाताना परतावा मागा, असं ठरलं. भाच्यानं शुल्क भरलं, शूटिंग केलं, आणि परत जायच्या आधी कागदांचं बाड माझ्यापुढे टाकून म्हणाला, "मामा, तुम्ही बँकेत आहात, तुम्हीच वाचा."

मी वाचलं. जुन्या महानुभाव ग्रंथकारांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक अक्षरांत लिहिल्या. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडून दाखवली. कस्टमच्या अधिसूचनांना अजून राजवाडे भेटायचे आहेत. तरीपण बी. कॉम.च्या जोरावर मी थोडंफार लावलं, ते असं.

सीमाशुल्क कायदा १९६२ चा. त्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे, बाहेरून आणलेली वस्तू न वापरता दोन वर्षांच्या आत परत पाठवली तर भरलेल्या शुल्काचे ९८ टक्के परत मिळतात. वापरली असेल तर तक्ता वेगळा. तीन महिन्यांपर्यंत ९५ टक्के, सहापर्यंत ८५, नऊपर्यंत ७५, असं उतरत उतरत दीड वर्षानंतर शून्य. इथपर्यंत माझी हरकत नाही. हा घसाऱ्याचा हिशोब आहे. कॅमेरा वापरला, झिजला, तेवढे पैसे कापले. बँकेचा माणूस हिशोबापुढे नेहमी नम्र असतो.

पण १९६५ च्या फेब्रुवारीत निघालेल्या ज्या अधिसूचनेत हा तक्ता आहे, तिच्यातच एक छोटी यादी आहे. या यादीतल्या वस्तू एकदा वापरल्या की परतावा नाही. एक पैसाही नाही. अधिसूचनेत मधूनमधून दुरुस्त्या झाल्या, पण यादी आहे तिथेच आहे. तिच्यात चार गोष्टी आहेत: अंगावर घालायचे कपडे, चहाची खोकी, सेन्सॉर बोर्डानं पास केलेली सिनेमाची फिल्म, आणि फोटोच्या कोऱ्या फिल्म, कागद, काचा, ज्यात एक्स-रेची फिल्मसुद्धा आली.

ही यादी मी तीनदा वाचली. सिनेमा, एक्स-रे आणि चहाची खोकी एका पंक्तीत बसलेली मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. पास झालेल्या फिल्मला परतावा नाही, यावरून नापास फिल्मला तो मिळतो असा अर्थ कोणी काढला तर मी जबाबदार नाही. आपल्या कामाचा मुद्दा कपड्यांचा. पगडी डोक्यावर घातली, म्हणजे ती वापरली, म्हणजे शुल्क बुडालं.

काकाजींना मी हे समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे पगडी घातलीच नसती, तं पैसे भेटले असते?"

"हाव."

"मंग शूटिंग कायचं करायचं होतं जी? ट्रंकेचं?"

या प्रश्नाचं उत्तर कायद्यात नाही. मी शोधलं.

न्यायानं बोलायचं तर या नियमामागे एक काळ आहे. फॉरेनचा शर्ट घातला की माणसाची गल्लीतली किंमत वाढे तो काळ. कोणी सुटाबुटात यायचं, सूट इथे विकून पायजम्यात परत जायचं, असं होत असणार. घातलेल्या कपड्याला परतावा नाही हा त्यावरचा उतारा असेल. पण नाटकसिनेमाचा पोशाख हा कपडा नव्हेच. तो सुताराच्या रंध्यासारखा अवजार आहे. सहा पगड्या विकून आजच्या बाजारात श्रीमंत होऊ शकेल असा माणूस मला दाखवा, मी त्याला आमच्या शाखेत खातं उघडून देतो.

याला उपाय जगात नाही असंही नाही. त्याचं नाव कार्नेट. जून १९६१ मध्ये ब्रुसेल्सला एक करार झाला, अशा पाहुण्या उपकरणांना शुल्काशिवाय येऊ द्या म्हणून, आणि त्यात सिनेमाच्या सामानासाठी स्वतंत्र परिशिष्टच जोडलं होतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या करारातून हे कार्नेट आलं. वस्तूंचं पारपत्रच म्हणा. सगळ्या सामानाची यादी करायची: नग, वजन, किंमत, कुठल्या देशात बनलं. जास्तीत जास्त एका वर्षाची मुदत. प्रत्येक हद्दीवर एक पान फाडायचं, एका अर्ध्यावर शिक्का मारायचा. माल परत गेला नाही तर हमी देणारी संस्था शुल्क भरते. आपल्याकडे हे कार्नेट फिक्की ही व्यापाऱ्यांची संघटना देते. मार्च १९९० मध्ये आपल्या सरकारनं यासाठी सूचना काढली, ती प्रदर्शनं आणि जत्रांच्या मालासाठी.

उत्तम योजना. पण हमी देणारी संस्था आपल्याकडून आधी अनामत घेते, आणि ती मालाच्या किंमतीच्या हिशोबात. कॅमेरा लाखांचा, भाचा विद्यार्थी. मोठ्या स्टुडिओला हा आकडा दिसतसुद्धा नाही. पोराच्या तो सिनेमाच्या सगळ्या खर्चाहून मोठा. ज्याच्यापाशी पैसे आहेत त्याचा शब्द खरा, हे आमच्या बँकेतही चालतं. पण आम्ही त्याला निदान आंतरराष्ट्रीय करार म्हणत नाही.

यापेक्षा आमचे जकात नाके बरे होते. माझ्या लहानपणी जत्रांमधून तंबूतले सिनेमे फिरत. प्रोजेक्टर, कनात, इंजिन, सगळं एका ट्रकवर. वाटेत शहर लागलं की जकात नाका. नाक्यावरचा कारकून कानावरची पेन्सिल काढून पास फाडी, अनामत घेई, आणि पलीकडच्या नाक्यावर पास दाखवला की पैसे परत. ट्रकमधलं इंजिन वाटेत वापरलं का, असं त्यानं विचारलं नाही. आत गेलं तेच बाहेर आलं, एवढं पाहिलं. खाल्ले असतील त्यांनी चार पैसे, नाही म्हणत नाही. पण माल विकायला चालला की खेळ दाखवायला, हे त्यांना ताडपत्रीच्या बाहेरून कळे. १ जुलै २०१७ ला मुंबईतलीही जकात गेली आणि ती विद्या त्यांच्याबरोबर गेली.

आमच्या शाखेत एक सहकारी आहेत. नियमपुस्तक ते उशाशी घेऊन झोपतात. ते म्हणाले, "अहो, सगळ्यांना सोडलं तर चोरही सुटतील." खरं आहे. म्हणून मी त्यांना त्यांच्याच टेबलाकडे बोट दाखवलं. ते सोनेतारण पाहतात. बाई पाटल्या घेऊन येते, आपण वजन करतो, यादी करतो, सही घेतो. ती पैसे फेडते, आपण पाटल्या देतो. यादीशी ताडून, वजन करून. पाटल्या तिनं आधी लग्नात घातल्या होत्या का, हे आपण विचारत नाही. परत मिळण्यासाठी वस्तू ओळखू यावी लागते, ती कोरी असावी लागत नाही. पगडी ओळखायला तर कॅमेऱ्यानं टिपलेली वीस मिनिटं पुरावा म्हणून हजर आहेत. सहकारी म्हणाले, "ते वेगळं." नियमवाल्यांकडचा मुद्दा संपला की ते वेगळं होतं.

सरकारला उसनवारीचं वावडं आहे असंही नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली. आधी साताऱ्याला, मग आमच्या नागपूरला. लोकांनी रांगा लावून पाहिली. इथे आल्यावर ती कोणी बोटांत घातली होती का, अशी चौकशी झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. परदेशी सिनेमावाल्यांवरही राग नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं गोव्यात जाहीर केलं की त्यांनी इथे चित्रीकरण केलं तर खर्चाचे ४० टक्क्यांपर्यंत पैसे परत, कमाल ३० कोटी. बड्या पाहुण्याला ३० कोटींचा आहेर, आणि ट्रंकवाल्याला पगडीचे पैसे नाहीत. आमच्याकडे लग्नात अशी पंगत वाढली तर व्याही उठून जातात.

तेव्हा माझ्या मागण्या तीनच. एक, त्या १९६५ च्या यादीतल्या 'कपडे' या शब्दापुढे 'नाटकसिनेमाचे पोशाख सोडून' एवढे तीन शब्द घाला. शाईचा खर्च मी देतो. दोन, थोड्या किंमतीच्या सामानाला रोख अनामत नको. ज्या गावात काम आहे तिथल्या विद्यापीठाची, कॉलेजची नाहीतर नगरपालिकेची हमी चालवून घ्या. आज रिद्धपूरला पोथ्यांवर सिनेमा काढायला पोरगा येतो. उद्या तो शहाणा होईल आणि टोरांटोतच मातीची भिंत उभारून तिला रिद्धपूर म्हणेल, आणि मग आपण इथे बसून म्हणू की आपल्या गावावर कोणी चित्र का काढत नाही. तीन, हे सगळं एका पानावर मराठीत छापा, सकळ लिपीत नव्हे.

राहता राहिली चहाची खोकी. त्यांचं काय करायचं ते सरकारनं ठरवावं. माझी त्यांच्याशी ओळख नाही.